स्टार्व्ह्ड रॉक (इलिनॉय): आईबाबांना घेऊन दोन रात्री तंबूत, सल्ला हवा आहे

गोदाकाठ · २१ एप्रिल, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोजवळ अरोराला राहतो. आईबाबा मार्चअखेरीस नाशिकहून आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत. आतापर्यंत शहर दाखवून झालं, देवळं झाली, ओळखीपाळखीच्यांकडे जेवणं झाली. परवा बाबांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "इथे डोंगर नाहीतच का गं?" इलिनॉयमध्ये डोंगर नाहीत हे खरं, पण मला एकदम स्टार्व्ह्ड रॉकची आठवण झाली. नदीकाठचा कडा, घळी, धबधबे असं खूप ऐकलंय. तासाभराच्या अंतरावर राहून आम्ही एकदाही गेलेलो नाही.

बाबा ६९ वर्षांचे. उमेदीच्या काळात नाशिकच्या आसपासचे बहुतेक किल्ले त्यांनी पायी पालथे घातलेत, अजूनही रोज पाच किलोमीटर चालतात. आई ६४ वर्षांची, तिचा डावा गुडघा दुखतो. चढताना तितकं नाही, उतरताना फार. मुलगा आठ वर्षांचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रविवार आणि सोमवार अशा दोन रात्री तंबूत राहायचा विचार आहे.

तिथली तंबूची जागा कशी आहे? आईला झेपेल असं काय आहे? धबधब्यांना मेमध्ये पाणी असतं का? आणि बाबांनी विचारलेला एक प्रश्न: असं नाव का? उपाशी खडक! मला उत्तर देता आलं नाही.

इलिनॉयकर · २१ एप्रिल, रात्री ११:०२

रविवार-सोमवार निवडलंत हे सगळ्यात उत्तम. शनिवारी किंवा सुट्टीच्या दिवशी चांगली हवा असली की दुपारच्या आधीच पार्किंग भरतं आणि मग गाड्या आत घेणं थांबवतात. मी दोनदा फाटकावरून परत आलोय, पाहुणे गाडीत बसलेले असताना. रविवारीही दुपार टळल्यावर, लोक परतायला लागले की पोचा. सोमवारी सकाळी आठला वाट तुमची एकट्यांची असेल.

आय-८० वरून ८१ नंबरचा एक्झिट, मग १७८ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेकडे यूटिका गाव ओलांडून नदीवरचा पूल लागतो. पूल उतरलात की पार्कच. प्रवेशाला पैसे नाहीत, इलिनॉयच्या स्टेट पार्कांना बहुतेक ठिकाणी नसतातच. तंबूच्या जागेला पडतात, आणि ती आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते.

तंबूची जागा नदीकाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खूप जणांचा तिथे हिरमोड होतो. कॅम्पग्राउंड पार्कच्या मुख्य भागापासून दूर, ७१ नंबरच्या रस्त्याच्या बाजूला आहे. सव्वाशेहून जास्त साइट्स आहेत. झाडी चांगली, वीज मिळते, गरम पाण्याच्या अंघोळीची सोय आहे, स्वच्छतागृहं ठीक. पण खडकापर्यंत किंवा घळींपर्यंत दर वेळी गाडी काढूनच जावं लागतं. रात्री दहानंतर शांतता पाळतात आणि पाळायला लावतात.

आईंसाठी साइट निवडताना स्वच्छतागृहाच्या जवळची घ्या. रात्री टॉर्च घेऊन दोनशे पावलं चालणं आणि पन्नास पावलं चालणं यात त्यांना फरक पडेल.

मीनल_नेपरव्हिल · २२ एप्रिल, सकाळी ७:२०

लाकूडफाटा घरून नेऊ नकोस, तिथेच जवळपास विकत घे. एमराल्ड ॲश बोअरर नावाचा हिरवा भुंगा लाकडातून प्रवास करतो. आमच्या गल्लीतली सगळी ॲशची झाडं त्यानेच गेली, दोन उन्हाळ्यांत रस्ता उघडाबोडका झाला. त्यामुळे मी हे प्रत्येकाला सांगते.

खाण्याचं सामान रात्री गाडीत ठेव, डब्यांसकट. रकून येतात आणि त्यांना झिप उघडता येते. मेमध्ये गोचिडी असतात. पायमोज्यात पँट खोचा, रात्री मुलाच्या कानामागे, गुडघ्यामागे, केसांत बघ. आणि तीन पानांची वेल दिसली की हात लावायचा नाही, पॉयझन आयव्ही असते. मुलाला आधी घरी चित्र दाखवून ठेव.

सह्यवेडा · २२ एप्रिल, सकाळी ९:४५

धबधब्यांबद्दल. तिथे वर डोंगर नाहीत, झरे जवळपास नाहीत. वरच्या सपाट जमिनीवर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ हेच पाणी. त्यामुळे पाऊस पडून एकदोन दिवस झाले असतील तर धबधबे, नाहीतर ओली भिंत. एप्रिल-मे चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाशिवाय गेलात तर काही घळींत थेंब नसतो.

घळी अठरा आहेत, सगळ्या करायच्या मागे लागू नका. वाटा एकूण १३ मैलांच्या. सेंट लुई कॅन्यन नक्की करा. ८० फुटांची धार आहे आणि पाणी बराच काळ टिकतं. पार्कच्या मुख्य माहिती केंद्रापासून दीड मैल पडतं आणि मध्ये पायऱ्या लागतात, पण १७८ च्या रस्त्यावर वेगळं पार्किंग आहे, तिथून बरंच जवळ आहे. वाइल्डकॅट ७० फुटांचा. फ्रेंच कॅन्यन केंद्रापासून अगदी जवळ, पण शेवटी ओल्या खडकात कोरलेल्या खोबण्यांतून चढायचं असतं. आईंनी तिथे जाऊ नये.

त्यांच्यासाठी माझं मत ऑटावा कॅन्यन आणि काउन्सिल ओव्हरहँग. ७१ नंबरच्या रस्त्यावरच्या पार्किंगमधून थोडं चालणं, जवळपास सपाट. काउन्सिल ओव्हरहँग म्हणजे खडकाची भलीमोठी कपार, वर छप्पर आणि खाली मऊ वाळू. आपल्याकडच्या कातळातल्या गुहेत शिरल्यासारखा गारवा. तिथे बसून राहिलं तरी दिवस सार्थकी लागतो.

रानफूल · २२ एप्रिल, दुपारी १:१०

पाणी नसेल तर ओली भिंत, हे मला पटलं नाही. मी तिथे पक्षी बघायला वर्षातून चारपाच वेळा जाते. कोरड्या घळीत तुम्हाला आवाज ऐकू येतात. धबधब्यापाशी फक्त माणसांचे फोटो काढणं ऐकू येतं.

मेचा दुसरा आठवडा म्हणजे वॉर्ब्लर पक्ष्यांच्या स्थलांतराचा भर. सकाळी सहा ते आठ. नदीवर धरणाखाली पांढरे पेलिकन दिसतील. हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, इथे बाल्ड ईगल येतात. बाकी नदी गोठते, पण धरणाखालचं पाणी उघडं राहतं, मासे मिळतात. ते समोरच्या प्लम बेटावरच्या झाडांवर रात्री मुक्कामाला असतात. ईगल क्लिफवरून एका सकाळी मी तेवीस मोजले होते.

खालच्या जंगलात ट्रिलियमची पांढरी फुलं असतील. वाट सोडून फोटोला जाऊ देऊ नका मुलाला. एकदा तुडवलं की ते झाड पुन्हा फुलायला वर्षं घेतं.

दगडधोंडे · २२ एप्रिल, रात्री ८:३०

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि या खडकाशी माझी जुनी ओळख आहे, इथे यायच्या आधीपासूनची.

हा सेंट पीटर वालुकाश्म. ४५ कोटी वर्षांहून जुना, उथळ समुद्राच्या किनाऱ्याची वाळू. लाटांनी आणि वाऱ्याने इतकी घासली गेली की बाकीची खनिजं झिजून गेली, उरले जवळपास शुद्ध क्वार्ट्झचे गोल दाणे. शेजारच्या ऑटावा गावाजवळ याच थरातून वाळू काढतात. काचेसाठी वापरतात, आणि सिमेंटच्या चाचणीसाठी 'ऑटावा सँड' ही अमेरिकेतली प्रमाण वाळू आहे. आपल्याकडे सिमेंटचे ठोकळे पाडताना एन्नोरची वाळू वापरायचो, आठवतंय का कुणाला? पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सरांनी सांगितलं होतं की इंडियाची एन्नोर, अमेरिकेची ऑटावा. वीस वर्षांनी त्या ऑटावाच्या कड्याला हात लावला तेव्हा मी बराच वेळ तिथे उभा होतो.

आता कामाचं. हा खडक दाण्यांना बांधणारा चुना-सिलिका कमी असलेला, म्हणून ठिसूळ. बोट घासलं तरी वाळू हातात येते. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टची सवय असलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही. बेसाल्टचा कडा पकडला की धरतो. हा धरत नाही. कडेची खाच, मूळ, दगड, कशावरही भार टाकायचा नाही. तुमच्या बाबांना हे आवर्जून सांगा. अनुभवी ट्रेकरच इथे फसू शकतो, कारण त्याच्या हातापायांना दुसऱ्या दगडाचं शिक्षण झालेलं असतं. कड्यावरून पडून माणसं गेलेली आहेत.

घळी कशा झाल्या ते मुलाला सांगता येईल: हिमयुग संपताना बर्फाच्या मागे अडलेलं वितळलेलं पाणी फुटलं आणि या खोऱ्यातून प्रचंड पूर गेला. त्याला कॅन्काकी टॉरेन्ट म्हणतात. मुख्य दरी खोल कापली गेली, आणि मग बाजूच्या ओहोळांनी मऊ खडकात मागे मागे खात घळी केल्या. त्या अजून खातायत. भिंतींवर नावं कोरणारे लोक बघितले की मला फार त्रास होतो.

जुनीपानं · २३ एप्रिल, रात्री ११:५०

नावाबद्दल लिहायचं होतं, सवडीने बसलो. लांबलं आहे.

खडक इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावर आहे, साधारण १२५ फूट उंच. समोर उत्तर काठावर सपाट पूरमैदान. आज तिथे शेतं-झाडी दिसतील, पण सतराव्या शतकात तिथे इलिनॉय लोकांपैकी कास्कास्किया टोळीचं मोठं गाव होतं. मका, भोपळे, घेवडा पिकवायचे. १६७३ मध्ये मार्केत हा जेझुइट पाद्री आणि जोलिए हा नकाशाकार मिसिसिपीवरून परतताना तिथे थांबले. मार्केतने ७४ घरं मोजली. तो १६७५ मध्ये परत आला, आजारी असताना, आणि त्याने तिथे मिशन सुरू केलं. परतीच्या वाटेवर मिशिगन सरोवराकाठी वारला. १६८० मध्ये पूर्वेकडच्या इरोक्वाय लोकांनी हल्ला करून हे गाव उद्ध्वस्त केलं.

मग १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल आणि त्याचा साथीदार तोंती यांनी खडकाच्या माथ्यावर लाकडी तटबंदीचा किल्ला बांधला, फोर्ट सेंट लुई. फ्रेंचांना कातड्यांचा व्यापार हवा होता, इलिनॉय लोकांना इरोक्वायपासून संरक्षण. किल्ल्याच्या आधाराने खाली खोऱ्यात हजारो माणसं पुन्हा वस्तीला आली. या तोंतीचा एक हात स्फोटात गेला होता, त्या जागी त्याने धातूचा हात बसवला होता. १६८४ च्या वसंतात इरोक्वायांनी किल्ल्याला सहा दिवस वेढा घातला, तो फसला.

आता 'उपाशी' नाव. आख्यायिका अशी: १७६९ मध्ये ऑटावा लोकांचा नेता पाँटियाक याला काहोकिया इथे इलिनॉयपैकी पिओरिया टोळीच्या एका माणसाने मारलं. सूड म्हणून ऑटावा आणि पोटावाटोमी यांनी इलिनॉय लोकांचा पाठलाग केला. त्यांची एक तुकडी या खडकावर चढली. खडक तीन बाजूंनी तुटलेला, वर चढणं शत्रूला अशक्य, पण खाली उतरणंही अशक्य. अन्न संपलं. पाण्यासाठी दोराला भांडी बांधून नदीत सोडली, तर खालच्यांनी दोर कापले. सगळे उपासमारीने गेले.

ही गोष्ट त्या काळातल्या एकाही कागदात सापडत नाही. पुढच्या शतकात लिहिली गेली आणि मग वाढत गेली. खडकावर वेढा पडल्याचा खरा पुरावा आहे तो १७२२ चा. तेव्हा मेस्क्वाकी, म्हणजे फॉक्स लोकांनी इलिनॉय लोकांना इथे कोंडलं होतं. दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या असाव्यात असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी सांगतो आणि आजही सांगतो. "इथे शेवटचे इलिनी मेले" असं फिरायला आलेले लोक एकमेकांना सांगत असतात. ते खोटं आहे. इलिनॉय लोक संपले नाहीत. त्यांना या राज्यातून हलवलं गेलं, आधी मिझुरी, मग कॅन्सस, मग ओक्लाहोमा. त्यांचे वंशज आज पिओरिया ट्राइब ऑफ इंडियन्स ऑफ ओक्लाहोमा या नावाने आहेत, त्यांचं मुख्यालय ओक्लाहोमातल्या मायामी गावात आहे. केंद्र सरकारने विसाव्या शतकाच्या मध्यात त्यांची मान्यता काढून घेतली होती, ती १९७८ मध्ये परत मिळाली. ज्या राज्याला त्यांचं नाव आहे तिथे ते राहत नाहीत. मुलाला गोष्ट सांगाल तेव्हा एवढं जोडून सांगा.

सह्यवेडा · २४ एप्रिल, सकाळी ८:०५

@जुनीपानं, मीही "शेवटचे इलिनी" असंच ऐकून आलो होतो आणि चार जणांना सांगितलंही. आता सांगणार नाही. धन्यवाद.

१६८२-८३ चा हिवाळा वाचून चमकलो. त्याच वर्षी १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने नाशिकजवळच्या रामशेजला वेढा घातला होता. संभाजी महाराजांचा काळ. छोटासा किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ लढला. @गोदाकाठ, तुमच्या बाबांना हे सांगाच.

गोदाकाठ · २४ एप्रिल, दुपारी १२:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. रामशेजचं नाव आल्यावर त्यांनी मला थांबवून तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. आमचं घर पंचवटीत, लहानपणी गच्चीवरून बाबा बोट दाखवायचे. आरक्षण केलंय, स्वच्छतागृहाजवळची साइट मिळाली. @इलिनॉयकर काका, खास धन्यवाद.

खान्देशी_तडका · २४ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

स्वयंपाकाचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. आगटीतल्या निखाऱ्यांवर वांगी भाजा. इथली मोठी काळी वांगी पाणचट असतात, पण लाकडाच्या निखाऱ्यात सालीसकट पूर्ण काळी होईपर्यंत ठेवली की भरीत जमतं. शेंगदाणे, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण घरून डब्यात न्या. कळण्याचं पीठ असेल तर तिथेच तव्यावर भाकरी. ज्वाळेवर नाही, निखाऱ्यावर. घाई केली की वरून जळतं आणि आत कच्चं राहतं.

इलिनॉयकर · २४ एप्रिल, रात्री ९:३०

पाऊस लागला तर कुठे बसायचं हेही सांगून ठेवतो: लॉज. तिथे राहिला नाहीत तरी आत जाता येतं, मधोमध दगडी शेकोटी आहे, दोन्ही बाजूंनी बसता येते. १९३० च्या दशकातल्या महामंदीत सरकारने बेकार तरुणांना जंगलांच्या आणि उद्यानांच्या कामाला लावलं होतं, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी आईवडिलांना जायचे. लॉज, वाटा, पूल हे त्या पोरांच्या हातचं काम. पार्क त्याआधीचं, राज्याने ही जागा १९११ मध्ये घेतली. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील रोजगार हमीच्या कामावर मुकादम होते. त्यांना मी हा लॉज दाखवला तेव्हा त्यांनी भिंतीचा सांधा बघून म्हटलं होतं, "मजुरी कमी असेल, पण काम मन लावून केलंय."

उत्तर काठावर धरणाचं केंद्र आहे, तिथे मुलाला न्या. धरण १९३३ चं. बाजूला ६०० फूट लांब जलपेटी आहे, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोटी धरणापलीकडे नेणारा हौद. पंधरा बार्जचा, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांचा ताफा आला तर एका वेळी मावत नाही, तो मधून सोडून दोन खेपांत नेतात. धान्य, खडी, खत, सगळं त्यावरून जातं. एक ताफा पार व्हायला बराच वेळ लागतो, पण मुलं हलत नाहीत तिथून. नदीत मात्र कुठेही उतरू नका. पोहायला बंदी आहे आणि धरणाजवळचा ओढ जीवघेणा आहे.

गोदाकाठ · १४ मे, रात्री १०:५०

परत आलो. सविस्तर लिहिते, कारण हा सगळा प्रवास तुमच्या सांगण्यावर झाला.

रविवारी चारला पोचलो. तंबू उभारेपर्यंत ठीक होतं. रात्री दीडला पाऊस सुरू झाला आणि पहाटेपर्यंत थांबला नाही. आमचा तंबू भाड्याचा होता आणि एका कोपऱ्याची शिवण उसवलेली निघाली. आईची वळकटी भिजली. ती आणि मुलगा गाडीत झोपले. बाबा आणि मी तंबूत बसून राहिलो. बाबांनी मला रात्रभर किल्ल्यांवरच्या मुक्कामांच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी बेचाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. हे मला तुम्हाला सांगायचं होतं.

सकाळी आधी लॉजमध्ये जाऊन शेकोटीपाशी सगळं वाळवलं. बाबा भिंतीजवळ जाऊन दगड चाचपत होते. @इलिनॉयकर काका, तुमच्या वडिलांचं वाक्य त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या गावचा पाझर तलावही त्याच वर्षीचा, अजून गळत नाही.

पावसामुळे सेंट लुई कॅन्यनला भरपूर पाणी होतं. सोमवार सकाळ, आम्ही आणि अजून एक कुटुंब, बाकी कोणी नाही. दुपारी काउन्सिल ओव्हरहँग. आई तिथे वाळूत बसली ती दोन तास. गुडघ्याने अजिबात तक्रार केली नाही. तिने काय केलं माहितीये? हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हटलं. कपारीत आवाज घुमत होता. माझा मुलगा गप्प बसून ऐकत होता, आणि तो गप्प बसत नाही. मग तिने त्याला बोटाने वाळू काढून दाखवली, समुद्राची वाळू. @दगडधोंडे, ४५ कोटी हा आकडा त्याने आतापर्यंत सगळ्या वर्गाला सांगितलाय.

वांग्याचं भरीत जमलं. लाकडं ओली असल्यामुळे निखारे व्हायला दीड तास लागला.

मंगळवारी सकाळी खडकावर गेलो. वर जायला लाकडी जिना आहे आणि माथ्यावर फळ्यांची वाट, तिच्यावरूनच फिरायचं. आई खालीच थांबली, रानफूल यांनी सांगितलेले पेलिकन बघत. सात होते.

बाबा माथ्यावर पोचल्यावर आधी नदीकडे गेले नाहीत. ते कठड्याच्या आतून पूर्ण गोल फिरले, खाली बघत, जमिनीकडे. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, "टाकं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. आपल्या कुठल्याही किल्ल्यावर गेलं की आधी पाणी बघायचं. रामशेज एवढासा, पण वर कातळात खोदलेली टाकी आहेत, पावसाचं पाणी साठतं. दारूगोळा संपला तर लाकडाच्या तोफा करून चालवल्याची गोष्ट सांगतात, पण पाण्याला पर्याय नसतो. "या खडकावर पाणी साठवायला जागाच नाही. माथा एकरभर असेल-नसेल. आणि दगड असा की टाकं खोदलं तरी झिरपून जाईल. खाली एवढी मोठी नदी वाहतेय आणि वर घोटभर पाणी नाही. इथे किल्ला बांधायलाच नको होता."

मग ते समोरच्या काठाकडे बघत उभे राहिले. मी त्यांना जुनीपानं यांनी लिहिलेलं गावाबद्दल सांगितलं, ७४ घरं, मका, भोपळे. त्यांनी विचारलं, त्या दोर कापल्याच्या गोष्टीत किती माणसं होती? मी म्हटलं, ती आख्यायिका आहे, कागदात नाही. बाबा म्हणाले, "कागदात नसेल. पण ज्याने कोणी ती पहिल्यांदा सांगितली, त्याला हा खडक माहीत होता. इथे वेढा पडला तर माणूस उपासमारीने नाही मरणार, आधी तहानेने मरेल."

खाली उतरताना ते फार हळू उतरले. एकाही दगडाला हात लावला नाही, फक्त कठडा धरला.

सह्यवेडा · १४ मे, रात्री ११:२०

तीनदा जाऊन आलोय तिथे. तिन्ही वेळा वरून नदीचे फोटो काढले. पाणी कुठून आणत असतील हा विचार मनात आला नाही. काकांना माझा नमस्कार सांगा.

मीनल_नेपरव्हिल · १५ मे, सकाळी ७:०५

काउन्सिल ओव्हरहँगचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी सासू जुलैत येतेय, तिला तिथेच नेणार. गोचिडी बघितल्यास ना मुलाच्या?

गोदाकाठ · १५ मे, सकाळी ७:४०

बघितल्या गं. एक मिळाली, पँटवर. दोन्ही रात्री टॉर्च घेऊन तपासलं सगळ्यांना, बाबांनासुद्धा.

दगडधोंडे · १५ मे, दुपारी १२:१५

बाबांनी झिरपण्याचं जे सांगितलं ते तंतोतंत बरोबर आहे. सेंट पीटर वालुकाश्म हा या भागातला भूजल धरणारा एक मोठा थर आहे, विहिरी त्यातून पाणी ओढतात. म्हणजे त्याच्यातून पाणी आरपार जातं. बेसाल्टच्या भरीव थरात टाकं खोदलं तर शतकानुशतकं पाणी राहतं, यात दुसऱ्या दिवशी तळ कोरडा दिसेल. खोदल्याशिवाय, नुसतं बघून त्यांनी हे ओळखलं.

जुनीपानं · १५ मे, रात्री १०:३५

@गोदाकाठ, तुमच्या बाबांना हे नक्की वाचून दाखवा. मी मुद्दाम पहिल्या वेळी लिहिलं नव्हतं, लांबलं म्हणून गाळलं होतं.

फोर्ट सेंट लुई त्या खडकावर जेमतेम नऊ वर्षं होता. १६९१-९२ च्या सुमारास फ्रेंच आणि त्यांच्यासोबतचे इलिनॉय लोक ती जागा सोडून नदीच्या खालच्या अंगाला, पिओरियाच्या तळ्याकाठी गेले आणि तिथे नवा किल्ला बांधला, पिमिटुई. तेव्हा तोंतीच्या जागी तिथे असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याने हलण्याची कारणं लिहून ठेवली आहेत. ती दोन आहेत. एक, जळणाचं लाकूड फार लांबून आणावं लागत होतं. दुसरं, शत्रूने हल्ला केला तर खडकावर पाणी चढवणं फार अवघड होतं. जागा बदलण्याची मागणी इलिनॉय लोकांचीच होती.

म्हणजे जे बाबांना अर्ध्या तासात दिसलं तेच तिथे राहणाऱ्यांनी नऊ वर्षांनी सांगितलं होतं. आणि हे सगळं १७२२ च्या वेढ्याच्याही आधीचं. पुढे संकटात लोक पुन्हा त्याच खडकावर चढले.

गोदाकाठ · १५ मे, रात्री ११:१०

आत्ताच वाचून दाखवलं. झोपायला निघाले होते, परत येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "मागणी त्या लोकांचीच होती ना? बरोबर. पाणी बायका भरत असणार." आई आतून म्हणाली, "तेच मी मघाशी म्हणणार होते."

आता विचारतायत की तळ्याकाठी गेले तर तिथे पाण्याची आणि लाकडाची सोय कशी होती. @जुनीपानं, @इलिनॉयकर काका, अरोराहून पिओरिया किती लांब? आईला बसल्या बसल्या तळं दिसेल अशी जागा आहे का तिथे?

इलिनॉयकर · १६ मे, सकाळी ६:५०

अडीच तास धरा. नदीकाठच्या चढावरून तळं पूर्ण दिसतं, गाडीतून उतरायचीही गरज नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मलाही पिओरियाला जायचंय, एकत्र निघू. तंबू माझा घ्या, त्याची शिवण मी स्वतः तपासलेली आहे.